शुक्रवारचं बटण

रविवार, २ नोव्हेंबर

शनिवारी लिहायचं नाही, म्हणून शुक्रवारचं सगळं मी रविवारी लिहिते, आणि तोवर निम्मा राग उतरलेला असतो. आज उतरलेला नाही. परवा पुन्हा ताटं अर्धी झालेली असताना दिवे गेले.

कॉलेजने वीज वाचवायची म्हणून गेल्या वर्षी तळमजल्यावरच्या खोल्यांना ही शहाणी बटणं बसवली. दाबलं की दिवे लागतात, तासाभराने आपोआप विझतात. परत दाबा, परत तासभर. बाकीच्यांना काय, हात उचलला की झालं. आम्ही यहुदी पोरं मात्र शुक्रवारी सूर्य बुडाल्यापासून शनिवारी तारे दिसेपर्यंत बटणाला बोट लावत नाही. शब्बाथ म्हणजे शब्बाथ. मेणबत्त्या खिडकीत असतात, पण त्यांच्या उजेडात समोरच्याच्या ताटात हात जातो. आमच्या गटातल्या गवईच्या तर मुद्दाम जातो.

नशीब की मावशी आहेत. मावशी म्हणजे आमच्या हॉस्टेलची झाडलोट करतात त्या. शुक्रवारी संध्याकाळी त्या बाहेरच्या व्हरांड्याची फरशी पुसत असतात. त्या आपल्यातल्या नाहीत, त्यांना कसली बंदी? पण त्यांना सरळ "दिवा लावा" म्हणायचं नाही, असा नियम आहे. नुसतं हवेत बोलायचं. "काय बाई अंधार झालाय!" "आता या माशातला काटा कुणाला दिसणार!" हवेत बोलण्यात माझा हात कुणी धरणार नाही. उगाच नाही सगळे मला मुकादम म्हणत.

खरं तर आता बोलावंही लागत नाही. दिवे गेले की मावशी स्वतःच दार उघडतात, क्षणभर आमच्या टेबलाकडे बघतात, मग हात बटणाजवळ नेतात आणि थांबतात. अगदी चटका बसणार असल्यासारख्या. मग दाबतात आणि निघून जातात. इतक्या वर्षांच्या कामाच्या बाई, अजून विजेला घाबरतात. परवा मी जोरात म्हटलं, "मावशी, शॉक नाही लागत हो!" सगळे हसले. त्याही हसल्या.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

बोंबला! सफाईचं काम कॉलेज ठेकेदाराला देतंय. जुनी माणसं महिनाअखेर घरी. म्हणजे मावशीही. मी कचेरीत जाऊन भांडून आले. कारकून म्हणाला, "तुमचा काय संबंध?" मी म्हटलं, "आमच्या शुक्रवारचा संबंध आहे." त्याला काही कळलं नाही, आणि कळेल असं सांगायला मला जमलं नाही.

मावशी नणंदेच्या गावी जाणार आहेत राहायला. नवरा इथे कॉलेजातच प्लंबर होता, तो गेला, मूलबाळ नाही. म्हणाल्या, "तिथे एक खोली आहे. दोन बायका भांडत बसू."

मला वाईट वाटलं. नुसतं बटणासाठी नाही हं. या बाईने माझं फार केलंय. पहिल्या वर्षी मी इथे आले त्या दिवशी माझी ट्रंक त्यांनीच वर आणली होती. मधल्या जिन्यात ट्रंकवरचं नाव वाचलं आणि तिथेच पायरीवर बसल्या. मला वाटलं, दम लागला. पाणी आणून दिलं तर ते न पिता माझ्याच तोंडाकडे बघत राहिल्या. तेव्हापासून माझ्या खोलीचा केर इतरांच्या आधी निघतो. मला ताप आला तेव्हा दुपारभर उशाशी बसल्या होत्या. पगारात बसतं का हे?

शिवाय बाबांना एक चांगलं सांगायला होतं की इथे माझी काळजी घेणारं कुणीतरी आहे. बाबांना हे कॉलेज मुळीच पसंत नव्हतं. "त्याच गावात कशाला? दुसरीकडे शिकवत नाहीत का?" याच्यापुढे गाडी जाईना. कारण विचारलं तर म्हणे, हवा दमट आहे. चष्म्याचं दुकान सोडून जन्मात कुठे गेले नाहीत, यांना इथली हवा कुठून कळली? मला सोडायलाही आले नाहीत. आई आली होती.

सोमवार, १० नोव्हेंबर

आज आत्याचा दिवस. आईने काल सकाळीच फोनवर आठवण करून दिली, म्हणून सूर्य बुडताना दिवा लावून ठेवला होता. जाड काचेच्या पेल्यातला, दिवसरात्र जळणारा. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. माझ्या जन्माच्या कितीतरी आधी, ऐन तारुण्यात तापाने गेली. घरात तिचा एकही फोटो नाही. आजीला बघवत नव्हते म्हणून काढून टाकले म्हणतात. बाबांसमोर विषय काढायचा नाही.

मावशी झाडायला आल्या आणि टेबलावरचा दिवा बघून दारातच थबकल्या.

"आज शुक्रवार नाही ना गं?"

"आमच्यात माणूस गेलं की दर वर्षी त्या तिथीला लावतात, मावशी."

"कोण गेलं?"

"आत्या. बाबांची बहीण. मी पाहिलेली नाही."

मावशींनी झाडू भिंतीला टेकवला. "कशाने गेली?"

"तापाने म्हणतात."

"हं. मोठा ताप असेल."

आणि चक्क माझ्या पलंगाच्या कडेवर बसल्या. एरवी खुर्ची पुढे केली तरी बसत नाहीत. बराच वेळ त्या ज्योतीकडे बघत होत्या. मग विचारलं, "घरी कोण लावतं?"

"आधी आजी लावायची. आता आई लावते."

"आजी लावायची?" हे त्यांनी दोनदा विचारलं. "रडायची का?"

"मला काय माहीत! लावून झालं की स्वयंपाकघरात जायची आणि दार लावून घ्यायची. आम्हा पोरांना त्या दिवशी भूक लागली तरी आत जायची टाप नव्हती."

मावशींनी पदर नाही, एप्रनचं टोक डोळ्यांना लावलं. मी म्हटलं, "अहो, तुम्ही कशाला रडताय? तुमची कोण होती ती?" तर म्हणाल्या, "धूर गं, दिव्याचा." आता त्या दिव्याला मेला कसला धूर! हळवी माणसं असतात एकेक. नवऱ्याची आठवण झाली असेल.

जाताना म्हणाल्या, "वात संपली की पेला फेकू नकोस हां. धुऊन ठेव. प्यायला चांगला होतो." आई शब्दन्‌शब्द हेच म्हणते. आमच्या घरात असे डझनभर पेले आहेत. सगळ्या बायका इथूनतिथून सारख्या.

बुधवार, १२ नोव्हेंबर

आज हसून हसून पोट दुखलं. न्हाणीघरात तोंड धूत होते, पलीकडे मावशी फरशी घासत होत्या आणि गुणगुणत होत्या. कान देऊन ऐकलं तर आमच्या घरची किद्दुशची चाल! किद्दुश म्हणजे शुक्रवारी द्राक्षरसाच्या पेल्यावर म्हणतात ती प्रार्थना. शब्द सगळीकडे तेच, चाली घरोघरच्या. आमची चाल आजोबांची. सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. अण्णांना दमा होता, त्यामुळे एका ओळीच्या मधोमध त्यांना खोकला यायचा. अण्णा गेले, खोकला गेला, पण बाबा अजून त्या जागी थांबतात. आम्हीही थांबतो. आणि मावशीसुद्धा बरोब्बर तिथेच थांबल्या! खोकल्याच्या जागेसकट उचलली बाईने माझी चाल. तोंडावर पाणी मारता मारता मला ठसकाच लागला.

संध्याकाळी बाबांना फोनवर सांगितलं. त्यांना हसवायला म्हणून. "बाबा, आमच्या झाडूवाल्या मावशी अण्णांची चाल म्हणतात, आणि खोकायला थांबतातसुद्धा!" पलीकडे काहीतरी खळ्ळकन फुटलं. मी हॅलो हॅलो करते आहे आणि फोन बंद. गिऱ्हाईक आलं असेल. यांना विनोद सांगणं म्हणजे भिंतीला गुदगुल्या करणं.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर, दुपार

आईचा फोन. बाबा येतायत! पुढच्या शुक्रवारी आमच्या गटाचा पालकांचा शब्बाथ आहे. त्याचं आमंत्रण दर वर्षी जातं आणि दर वर्षी एकटी आई येते. यंदा बाबा आपण होऊन म्हणाले, येतो. आई म्हणते, "मी काही बोलले नाही बाई. दोन दिवस धड जेवत नव्हते, काल रात्री एकदम म्हणाले, तिकिटं काढ." मला आनंदाने काय करू अन् काय नको झालंय. गुडघा दुखतो म्हणून कोपऱ्यावरच्या बँकेत न जाणारा माणूस!

सूर्य खाली आला. पेन ठेवते.

रविवार, १६ नोव्हेंबर

मावशींना ही बातमी सांगितली तर त्यांनी हातातली बादली खाली ठेवली. "तुझे बाबा? स्वतः?" म्हटलं, "हो, साक्षात." तर म्हणाल्या, "या शुक्रवारी मी सुट्टी घेते गं."

मी उडालेच. इतक्या शुक्रवारांत कधी सुट्टी नाही आणि नेमकी याच? पालक येणार, टेबलं जोडणार, आणि मधेच अंधार? म्हटलं, "मावशी, तुमचा हा शेवटचा शुक्रवार. पुढच्या आठवड्यात तुम्ही निघणार. माझी लाज राखा ना." त्या नुसत्या मान हलवत राहिल्या. मी जरा जोरातच बोलले, "तुम्हाला एक बटण तर दाबायचंय, त्यात एवढं काय?"

त्यांचा चेहरा एवढासा झाला. नंतर मला वाईट वाटलं. पण खरंच, एवढं काय?

बुधवार, १९ नोव्हेंबर

अक्षर कसं येतंय कोण जाणे.

संध्याकाळी शुक्रवारची तयारी करत होतो. मी गवईला म्हटलं, बाबा येतायत तर या वेळी किद्दुश आमच्या घरच्या चालीत होऊ दे, तेच म्हणतील. गवई म्हणजे आमचा गाणारा. शिकतो रसायनशास्त्र, पण जगातल्या यहुद्यांच्या चाली गोळा करत फिरतो. आमच्या टेबलावर म्हणतो ती चाल त्यानेच सगळ्यांना सोपी म्हणून बसवली आहे. म्हणाला, "तुमची कुठली? म्हणून दाखव."

मी दाखवली. खोकल्याच्या जागी थांबले.

"अरेच्चा, ही तर मावशींची!" तो म्हणाला. "मी त्यांना कितीदा विचारलं, कुठून आणली. सांगतच नाहीत."

"माझ्याकडून उचलली, दुसरं काय."

"तुझ्याकडून? मुकादम, तू इथे ही कधी म्हटलीस?"

कधी म्हटली? पहिल्याच वर्षी मला लाज वाटली होती, खोकून थांबणारी चाल चारचौघांत काय म्हणायची! खोलीत? मी खोलीत गात नाही. आंघोळ करतानाही गात नाही. गवई म्हणाला, "मी तर ती चाल त्यांच्या तोंडून तू कॉलेजात यायच्या आधीपासून ऐकतोय."

तो निघून गेला. मी तिथेच.

जिन्यात ट्रंकवर आडनाव वाचून बसलेल्या मावशी. "आजी लावायची? रडायची का?" पेला धुऊन ठेव. याच गावात कशाला. फोनवर फुटलेलं ते काहीतरी. देवा, हे काय आहे? मी वेडी झाले आहे का? ताप. मोठा ताप असेल, म्हणाल्या. आणि मी त्यांना त्यांचाच दिवा...

नाही. उद्या विचारते.

गुरुवार, २० नोव्हेंबर

विचारलं.

जिन्याखाली झाडू-फडक्यांची खोली आहे, तिथे त्या फडकी पिळत होत्या. मी दार लावून घेतलं.

"मावशी, ती चाल कुठून शिकलात?"

त्यांनी वर बघितलं नाही. फडकं पिळून पार कोरडं केलं आणि पुन्हा पिळलं. मग म्हणाल्या, "जिथून तू शिकलीस, तिथूनच. अण्णा मधे खोकायचे ना. लहान असताना मला वाटायचं, देवालाच तिथे खोकला हवाय."

मी उपड्या बादलीवर बसले. खरं सांगायचं तर पडले.

"तू आत्या आहेस?"

"हळू बोल."

"तू जिवंत आहेस!"

"तुझ्यासमोर फडकी पिळतेय ना." आणि तशातही हसल्या. हसल्या काय, हसली. आत्याला अहो-जाहो कोण करतं!

मग सांगत गेली. घरचा नळ गळत होता, तो दुरुस्त करायला एक जण आला. "नळ दुरुस्त झाला, पोरगी बिघडली, असं आई म्हणायची." तो आपल्यातला नव्हता. अण्णांनी बजावलं, उंबऱ्याबाहेर पाय टाकलास तर आम्हाला मेलीस. हिने टाकला. आणि ते खरोखर बसले. सात दिवस जमिनीवर बसले, आरसे झाकले, अंगातले कपडे फाडले, लोक भेटायला आले. जिवंत मुलीचं सुतक! "शेजारणीने येऊन सांगितलं मला. कुणाकुणाचं नाव घेतलं तिने. दादाही बसला होता." दादा म्हणजे माझे बाबा. मला ताप म्हणून सांगणारे माझे बाबा.

मला एकदम शुक्रवार आठवला. "म्हणजे तुलाही शब्बाथ आहे! आणि मी दर आठवड्याला तुझ्याकडून दिवा... मी तुला शॉक नाही लागत म्हटलं सगळ्यांसमोर! अगं, तू बोलली का नाहीस?"

"कसला शब्बाथ? मी मेलेय ना. मेलेल्या माणसाने बटण दाबलं तर कुणाचं काही मोडत नाही. तुम्हा पोरांना अंधारात बसायला लागू नये, एवढंच." फडकं दोरीवर टाकलं, सरळ केलं. "आणि दुसरं कुणी दाबायला आलं असतं तर मला ते टेबल दिसलं असतं का? तासातून एकदा दार उघडायला मिळायचं. तू बसलेली दिसायचीस. अण्णांसारखी कोपर टेकून."

"मग हात का थांबायचा तुझा?"

"हाताला कुणी सांगितलेलं नाही ना, की मी मेलेय."

मी तिच्या गळ्यात पडले आणि भोकाड पसरलं. सगळी फिनेलची फडकी आमच्या अंगावर. म्हटलं, उद्या ये. बटण दाबायला नाही, जेवायला ये. माझ्या शेजारी बस. तर मला लांब करून म्हणाली, "वेडी आहेस का? सगळ्यांच्या देखत त्याने तोंड फिरवलं तर? एकदा मेले तेवढं पुरे आहे, बाळा. पुढच्या आठवड्यात मी जाते. तू त्याला काही बोलायचं नाहीस. माझी शपथ."

संध्याकाळी आईला फोन केला. म्हटलं, "आई, आत्या तापाने गेली नाही." आई म्हणाली, "लग्न होऊन आले तेव्हा मलाही तापच सांगितला होता. पुढे खरं कळलं."

"मग दिवा कशाला लावतेस? जिवंत माणसासाठी?"

"तुझ्या आजीने लावायला घेतला, तेव्हा ती काय मागायची मला माहीत नाही. मी लावताना तिच्यासाठी आयुष्य मागते."

"बाबांना सांगू का? ती इथे आहे, आई. ती माझा केर काढते."

आई रडत होती, पण आवाज सरळ ठेवून म्हणाली, "त्यांना काय माहीत आहे आणि काय नाही, ते मला इतक्या वर्षांत कळलेलं नाही. मी सांगितलं आणि ते तिकीट फाडून मोकळे झाले तर? येऊ दे त्यांना. मग बघू."

मला सगळ्यांचा राग आलाय. अण्णांचा, बाबांचा, माझा स्वतःचा तर विचारूच नये. आणि बाबा तोंड फिरवतील ही भीती आहे ती वेगळीच. मी ओळखते त्यांना. गिऱ्हाइकाने एकदा चूक काढली तर आयुष्यभर त्याच्याशी न बोलणारा माणूस.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर, दुपार

आले. बाबा म्हातारे दिसतायत. स्टेशनवर मला मिठी मारली आणि माझ्या खांद्यावरून मागे बघत राहिले. हॉस्टेलात आल्यावर व्हरांडा, जिना, न्हाणीघर, सगळं फिरून आले, गुडघा धरून. आई म्हणाली, बसा की. बसले नाहीत.

मावशी, म्हणजे आत्या, सकाळपासून दिसलेली नाही. तिच्या खोलीला कुलूप आहे. मी शपथ पाळली आहे. बाबांशी बोलताना जीभ चावून ठेवावी लागते.

शनिवार, २२ नोव्हेंबर, तारे दिसल्यावर

तीन तारे दिसले आणि धावत खोलीत आले. सुरुवातीपासूनच लिहिते, नाहीतर काहीतरी सुटेल.

काल टेबलं जोडली होती, पालक बसले होते. बाबांना किद्दुश म्हणायला सांगितलं. ते पेला घेऊन उभे राहिले आणि अण्णांची चाल म्हणायला लागले. त्या ओळीवर आले, थांबले. नेहमीपेक्षा फारच थांबले. मला वाटलं, विसरले. ते दाराकडे बघत होते. मग पुढची ओळ म्हटली, पण आवाज बसला होता.

जेवण अर्ध्यावर आलं आणि गप्पकन अंधार. आम्हाला सवय आहे, पालक दचकले. कुणाची तरी आई म्हणाली, "अगं बाई, आता?" गवई म्हणाला, "मावशी येतात एरवी, आज सुट्टीवर आहेत." सगळे अंधारात हसत होते, चमचे वाजत होते. मी हवेत काहीही बोलले नाही. मला शक्यच नव्हतं.

आणि दार उघडलं.

बाहेरच्या व्हरांड्यात दिवा होता, त्यामुळे नुसती आकृती दिसत होती. अंगात एप्रन नव्हता. घरचे, बाहेर जायचे कपडे होते. मला नंतर म्हणाली, बाहेर बाकावर बसून चाल ऐकत होते, ऐकून जाणार होते, पण तुम्ही अंधारात बसलेलं मला बघवलं नाही. तिचा हात बटणाकडे गेला आणि नेहमीसारखा थांबला.

बाबांची खुर्ची इतक्या जोरात सरकली की मागे पडली.

"दाबू नकोस."

कुणाला काही कळेना.

"बेबी, दाबू नकोस. शब्बाथ आहे."

या नावाने कुणाला हाक मारलेली मी बाबांच्या तोंडून कधी ऐकलेली नाही. तिचा हात तसाच वर. मग अगदी बारीक आवाज आला, "मला कसला रे दादा शब्बाथ?"

"तुला आहे," बाबा म्हणाले. "तुलाही आहे. मी बसलो होतो गं. मीही बसलो होतो सात दिवस." माझे बाबा हुंदके देत होते, भर टेबलावर, लोकांच्या देखत. मी जन्मात ऐकलेलं नाही असं रडणं.

आई उठली, अंधारात कुणाच्या तरी पायावर पाय देत दारापर्यंत गेली आणि तिचा हात धरून घेऊन आली. मी माझी खुर्ची दिली. बाबा चाचपडत तिच्याजवळ आले, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि ठेवूनच उभे राहिले. गवईने माझ्या कानात विचारलं, "काय चाललंय?" मी म्हटलं, "माझी आत्या आहे." तो म्हणाला, "मावशी?" म्हटलं, "हो, तीच."

दिवे काही कुणी लावले नाहीत. उरलेलं जेवण अंधारातच झालं. माशातले काटे सगळ्यांनी हाताने काढले. बाबांनी पेला पुन्हा भरून घेतला आणि तिच्यासाठी चाल पहिल्यापासून म्हटली. त्या जागी थांबले, आणि अंधारातून कुणीतरी खोकलं. हुबेहूब अण्णा. बाबा आधी हसले, मग पुन्हा रडले, मग पुढची ओळ दोघांनी मिळून म्हटली.

आज दुपारी मी बाबांना विचारलं, तुम्हाला ठाऊक होतं? म्हणाले, "ती या गावात आली एवढं ठाऊक होतं. म्हणून तर तुला इथे पाठवायचं नव्हतं, तोंड दाखवायला लागेल म्हणून. जिवंत आहे का, ते विचारायची हिंमत झाली नाही. तू फोनवर खोकल्याचं सांगितलंस आणि हातातली काच पडली." माझा राग गेलाय का? नाही गेला. तसं त्यांना सांगितलंसुद्धा. म्हणाले, "राहू दे. माझाही नाही गेला माझ्यावरचा."

रविवार, २३ नोव्हेंबर

सकाळी सगळे माझ्या खोलीत. बाबा म्हणतायत, नणंदेकडे जायचं नाही, घरी चल. आत्या म्हणतेय, मी काय लगेच सामान बांधू? नणंदेला शब्द दिलाय. शेवटी ठरलं की आधी घरी, मग नणंदेकडे, मग पुन्हा घरी. आई म्हणाली, आजीच्या खोलीतला पलंग आखूड आहे, मला पुरत नाही, तुला पुरेल. दोघी आतापासूनच बाबांच्या पथ्यावरून कुजबुजायला लागल्या आहेत. बाबांचं आता काही खरं नाही.

मी चहा केला. कप तीनच निघाले. आत्याने फळीवर हात घातला आणि तो जाड काचेचा पेला काढला. तिच्याच दिव्याचा, मी धुऊन ठेवलेला. बाबांनी ओळखला. आईने ओळखला. माझ्या तोंडून "अगं, तो नको" निघून गेलं.

"का? माझाच आहे ना?" असं म्हणून तिने त्यात चहा ओतून घेतला, एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. म्हणाली, साखर कमी आहे, आण.